लाल नॅपकिन : कबड्डीच्या मॅटशेजारी इंटर्न घडवताना

सामना संपून दहाएक मिनिटं झाली असतील. मुलगा मंडपामागे ओकत होता आणि आमच्या नोंदवहीत त्याच्या जर्सी क्रमांकापुढे लिहिलेलं होतं : ‘उजवा गुडघा, मुका मार, बर्फ, खेळण्यास हरकत नाही.’

नोंद माझ्या फिजिओथेरपीच्या इंटर्नच्या हातची होती. चूक कोणाची, हे ठरवायला मला पुढे अख्खा आठवडा लागला, आणि जे उत्तर आलं ते मला फारसं आवडलं नाही.

गावाचं, संघाचं, कॉलेजचं नाव देत नाही. खेळाडूला ‘सात नंबर’ म्हणते. खरा क्रमांक वेगळा होता. इंटर्नने हे लिखाण वाचलंय आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केलंय. त्या दुरुस्त्या मी तशाच ठेवल्या आहेत.

मैदान आणि माणसं

कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. कुमार गटाची मुलांची स्पर्धा, तीन दिवस, रात्रीचे सामने. दोन मॅट शेजारी शेजारी अंथरलेले, मध्ये पंधरा-वीस पावलांचं अंतर, त्यात खुर्च्या, केबल, चहाची किटली आणि फिरणारी पोरं. वैद्यकीय पथक म्हणून मी आणि तीन इंटर्न. एक टेबल, दोन बॅगा, टेपचे रोल, कोल्ड स्प्रे आणि बर्फाचा थर्माकोलचा खोका. बर्फ शेजारच्या रसवंतीवाल्याकडून यायचा, त्यामुळे त्याच्या दुकानाची वेळ हीच आमची बर्फाची वेळ. रुग्णवाहिका मैदानावर उभी नव्हती. लागलीच तर १०८ ला फोन करायचा, असं ठरलेलं.

मी क्रीडा फिजिओथेरपी करते आणि शिकवते. या तुकडीच्या साडेचार वर्षांच्या बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीतले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. त्यातले काही आठवडे या मुली-मुलांचं पोस्टिंग माझ्याकडे असतं. हॉस्पिटलमध्ये पेशंट बाकावर बसलेला असतो, फाइल हातात असते, विचार करायला सवड असते. मैदानावर सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं असतं, तेही शंभर-दोनशे लोक बघत असताना आणि प्रशिक्षक डोक्यावर उभे असताना. म्हणून मी त्यांना मुद्दाम स्पर्धांना नेते.

मैदानावर शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला आपल्याकडे नेमकं नाव नाही. कॉलेजच्या कागदावर ‘पोस्टिंग इन्चार्ज’ असतं, पोरं ‘मॅडम’ म्हणतात. अमेरिकेत हे काम करणारा स्वतंत्र व्यवसायच आहे, ॲथलेटिक ट्रेनिंग. नाव ऐकून जिममधला ट्रेनर डोळ्यांपुढे येतो, पण ही परवानाधारक आरोग्यसेवा आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० पासूनची, आणि आता या व्यवसायात शिरायला पदव्युत्तर पदवी लागते. तिथे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मैदानावर शिकवणाऱ्याला ‘प्रिसेप्टर’ म्हणतात आणि देखरेख कशाला म्हणायचं हेही लिहून ठेवलेलं आहे. प्रिसेप्टर जागेवर हजर हवा, आणि विद्यार्थ्याच्या व रुग्णाच्या वतीने मध्ये पडता येईल अशा बेताने हजर हवा. हे वाक्य मी या घटनेच्या कितीतरी आधी वाचलं होतं, व्याख्यानात स्लाइडवर टाकलंही होतं.

आता त्या रात्रीचं गणित करा. मॅट दोन, इंटर्न तीन, मी एक. हे गणित मीच मान्य करून आले होते.

आदल्या संध्याकाळी

घटनेच्या आदल्या संध्याकाळी याच इंटर्नने एका कोपरारक्षकाच्या घोट्याला टेपिंग केलं. टाचेवरून फिरवताना टेपला सुरकुती पडली होती आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट राहिली होती. अशा सुरकुतीखाली घामाने फोड येतो आणि फटीत कातडी चिमटते, म्हणजे ते टेपिंग काढायलाच हवं होतं. मी ते काढलं. संघातली आठ-नऊ मुलं भोवती बसलेली असताना, कात्रीने टर्रकन कापून. वर म्हणाले, “काय आहे हे?”

इथे तिची पहिली दुरुस्ती. तिच्या आठवणीप्रमाणे माझं वाक्य होतं, “हे चौथ्या वर्षात पास कसे झालात तुम्ही?” आणि पोरं हसली होती. मला हसणं आठवत नाही. तिला कोण कोण हसलं तेही आठवतं.

त्याच रात्री दुसऱ्या एका इंटर्नने बोटाच्या खरचटण्यासाठी मला पलीकडच्या मॅटवरून बोलावलं. मी गेले, पाहिलं आणि म्हणाले, “एवढ्यासाठी?” त्यात रागसुद्धा नव्हता, दमणूक होती. पण ऐकणाऱ्या तिघांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. पहिल्या दिवशी सकाळी मी तिघांना बजावलं होतं, “काही अडलं तर बिनधास्त हाक मारा.” संध्याकाळपर्यंत त्या वाक्यातलं ‘बिनधास्त’ गळून पडलं होतं. माझ्या ते गावीही नव्हतं.

दुसऱ्या सत्रातली चढाई

दुसरं सत्र, सात-आठ मिनिटं उरलेली, तीन गुणांचा फरक. सात नंबर चढाईला गेला. समोर सहा बचावपटू, म्हणजे बोनस खुला. त्याने बोनस रेषेवर पाय नेला तोच डाव्या कोपरारक्षकाने घोटा धरला, मध्यरक्षक बाजूने अंगावर आला आणि तिघं एकदम खाली. पडताना त्याचा उजवा गुडघा आत वळल्याचं सगळ्यांना दिसलं. डोकं कोणाच्या तरी मांडीवर की मॅटवर आपटलं, ते पुढे व्हिडिओवरही नीट कळलं नाही. एवढं खरं की मान झटक्याने मागे गेली. तो उठून बसला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला.

पंचांनी वेळ थांबवली. इंटर्न बॅग घेऊन धावली. मी तेव्हा पलीकडच्या मॅटवर दुसऱ्या संघाच्या मुलाच्या निखळलेल्या बोटाला पट्टी बांधत होते.

तिने गुडघा तपासला, आणि चांगला तपासला. सांधा किती ढिला, आतली-बाहेरची बाजू कितपत तग धरते, सूज येतेय का, दुखरी जागा नेमकी कोणती. कबड्डीत गुडघा असा वळला की पहिली भीती पुढच्या क्रूसिएट लिगामेंटची, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणाऱ्या बंधाची, आणि तिथे काही नव्हतं. ‘मुका मार’ हे तिचं निदान नंतरही बरोबरच ठरलं. स्प्रे मारता मारता त्याचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून तिने सहज विचारलं, “किती मिनिटं राहिली रे?”

तो म्हणाला, “बख्खळ हाईत की ताई. पैलंच सत्र चाललंय न्हवं?”

तिचा हात थांबला. ‘आत्ता कितवं सत्र चाललंय?’ हा प्रश्न साधा नाही. १९९५ साली ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या खेळाडूंवर मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी काम केलं, त्यातून काही प्रश्न पुढे आले : आपण कोणत्या मैदानावर आहोत, कितवं सत्र, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी, जिंकलो का. डोक्याला हादरा बसलेला खेळाडू स्वतःचं नाव, गाव, तारीख बिनचूक सांगू शकतो आणि या ताज्या गोष्टींत अडखळतो. कन्कशन, म्हणजे हादऱ्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं, ओळखायला आजही हेच प्रश्न विचारतात. तोंडी परीक्षेत तिने हे पाचही प्रश्न धडाधड सांगितले होते. परीक्षक मीच होते.

तेवढ्यात प्रशिक्षक जवळ आले. “ताई, खेळंल न्हवं? गुडघा बरा हाय न्हवं?”

गुडघा बराच होता. ती “हो” म्हणाली.

प्रश्न गुडघ्याचा आला, उत्तर गुडघ्याचं गेलं, आणि डोकं मधल्यामध्ये राहून गेलं. त्या क्षणी तिने पलीकडच्या मॅटकडे पाहिलं. मी पाठमोरी होते. आधी मी इथे लिहिलं होतं, ‘ती घाबरली आणि गप्प बसली.’ ही तिची दुसरी दुरुस्ती : “मॅडम, घाबरले नव्हते मी. हिशेब करत होते. हाक मारली आणि काही नसलं, तर सगळ्यांदेखत ‘एवढ्यासाठी?’ ऐकायचं. नाही मारली, तर बहुतेक काही होणारच नाही. मुलगा बोलतोय, उभा राहतोय, गोंधळात सत्र विसरला असेल.” हिशेबाला साताठ सेकंद लागले. वेळ सुरू झाली.

सात नंबरने आणखी दोन चढाया केल्या. पहिलीत ‘निदान रेषा’, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषासुद्धा, ओलांडली नाही. दुसरीत कोणालाही न शिवता सरळ राखीव क्षेत्रात पाय टाकला आणि बाद झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. चढाईपटू दमला की असं होतं, असं कोणालाही वाटावं.

मंडपामागे तो पहिल्यांदा ओकला तेव्हा त्याच्या मित्राने येऊन सांगितलं की वडापाव बाधला असेल. आता मात्र इंटर्न थांबली नाही. ती पळत माझ्याकडे आली आणि धापा टाकत म्हणाली, “मॅडम, मघाशी तो पहिलं सत्र म्हणाला होता.”

मी गेले. मान हलवू न देता आधी मणक्यावर दुखतंय का, हातापायांत मुंग्या आहेत का, ताकद सारखी आहे का, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का, हे पाहिलं. महिने उलटे म्हणायला सांगितले : डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, आणि तिथून तो परत नोव्हेंबरला आला. दिव्याचा त्रास होत होता. तेवढ्यात दुसऱ्यांदा उलटी झाली. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी होणं हे धोक्याचं चिन्ह आहे, त्यापुढे मैदानावर तपासत बसायचं नसतं. १०८ बोलावली. त्याच्या वडिलांना फोन मीच केला. त्यांनी आधी विचारलं, “गुडघ्याचं काय?” संघातल्या कोणी तरी त्यांना आधीच कळवलं होतं, आमच्या नोंदवहीतलं निदान.

सीटी स्कॅन स्वच्छ आला. रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं. सीटी स्वच्छ आला म्हणजे काही झालंच नाही, असं घरच्यांना वाटतं. पण कन्कशन सीटीवर दिसत नाही. रक्तस्राव किंवा हाड मोडणं नाही, एवढंच सीटी सांगतो. म्हणून खेळाकडे परतणं पायरीपायरीने : पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (पूर्ण पडून राहणं नाही), मोबाइल कमी, मग चालणं, हलका व्यायाम, मग धडपकड नसलेला सराव, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, त्रास वाढला तर एक पायरी मागे, आणि अंगावर येणाऱ्या खेळाआधी डॉक्टरांची परवानगी. खेळाआधी बारावीचा अभ्यास पूर्ववत व्हायला हवा, हेही त्यातच. तो चोविसाव्या दिवशी पकडीच्या सरावाला उतरला. त्याची गोष्ट इथे संपते. आमची तिथे सुरू झाली.

‘सॉरी मॅडम’

त्या रात्री लॉजच्या जिन्यावर मी तिला विचारलं, “तेव्हाच का नाही सांगितलंस?”

वाक्य प्रश्नासारखं आहे, पण त्याला उत्तर नसतं. “सॉरी मॅडम,” ती म्हणाली. मी म्हटलं, सॉरीचा प्रश्न नाही, कारण सांग. “सॉरी मॅडम.” असं चार-पाच वेळा झालं. वर मी दहा मिनिटं कन्कशनवर व्याख्यान दिलं, जे तिला पाठ होतं. ती रडली, मी झोपायला गेले, आणि त्या दिवशी आम्हा दोघींना काहीही नवं कळलं नाही.

सकाळी साडेसहाला चहाच्या टपरीवर ती आधीच येऊन बसली होती. रात्रभर माझंही डोकं चाललं होतं. या वेळी मी ‘का’ विचारलं नाही. म्हटलं, “तू पळत गेलीस तिथपासून क्रमाने सांग. काय दिसलं, काय ऐकलं. माझं मत मधे घालणार नाही.” तिने सांगितलं. सत्राचं उत्तर, थांबलेला हात, प्रशिक्षकांचा प्रश्न, माझी पाठ. टपरीवाल्याने दोनदा कप भरले.

तेव्हा कळलं की तिला ज्ञान कमी पडलं नव्हतं. धोक्याची खूण तिने माझ्याआधी पकडली होती. तिच्या जागी असते तर कदाचित मी ती ऐकलीही नसती. जे अडलं ते तिथून माझ्यापर्यंतच्या पंधरा-वीस पावलांत अडलं.

आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणात ओरडा खाणं हे प्रशिक्षणाचाच भाग समजलं जातं. मीही खाल्लाय, भरपूर. ‘आमच्या वेळी तर मॅडम फाइल फेकायच्या’ हे आम्ही सगळे कौतुकाने सांगतो. ओरड्याने माणूस पक्का होतो, असं म्हणतात. टेपिंगच्या बाबतीत ते खरंही असेल. तिने त्यानंतर एकही सुरकुती पडू दिली नाही. पण ओरडा खाल्लेला माणूस आणखी एक कौशल्य शिकतो : ओरडा पडेल अशा जागा आधीच ओळखून टाळणं. वरिष्ठांना हाक मारणं ही त्यातली पहिली जागा.

चूक दाखवायलाच नको, असं माझं म्हणणं नाही. ते टेपिंग काढायलाच हवं होतं. ते मंडपाच्या मागे, तिच्याच हाताने, मी शेजारी बसून काढता आलं असतं. पाच मिनिटं जास्त लागली असती.

आणखी एक गोष्ट मी त्या टपरीवर तिला सांगितली, आणि सांगताना जीभ जड झाली. ती एकटी त्या मॅटवर असणं हीच मूळ चूक होती. प्रशिक्षकांसमोर, पंचांसमोर, चालू सामन्यात ‘हा खेळणार नाही’ म्हणण्याचा अधिकार मी तिला दिलेलाच नव्हता. आयोजकांना, प्रशिक्षकांना तसं सांगितलं नव्हतं. अधिकार न देता जबाबदारी दिली, आणि मी पाठमोरी उभी राहिले.

काय बदललं

पहिला बदल अगदी साधा, एका लाल नॅपकिनचा. शिट्टी चालणार नव्हती, ती पंचांची. हाक गर्दीत ऐकू जात नाही. म्हणून प्रत्येक इंटर्नच्या कमरेला लाल नॅपकिन. तो वर धरला की मी हातातलं काम टाकून येणार. आणि तीन बाबतींत माझी वाट बघायचीच नाही : डोकं, मान, श्वास. यांपैकी कशाचाही संशय आला की खेळाडू बाहेर, नॅपकिन वर, कारण नंतर. मानेचा संशय असेल तर त्याला हलवायचंसुद्धा नाही, डोकं जागेवर धरून ठेवायचं. डोक्याच्या बाबतीत जगभर हाच दंडक आहे : संशय आला तर बाहेर बसवा, आणि त्या दिवशी परत उतरवू नका. त्याचं कारणही पोरांना नीट सांगावं लागतं. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही. ‘बेशुद्ध झाला नव्हता’ हे मैदानावर ऐकू येणारं सगळ्यात फसवं वाक्य आहे.

दुसरा बदल, संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत मी स्वतः उभी राहून सांगते : “डोक्याला लागलं तर या तिघांचा शब्द तो माझा शब्द.” एकेका इंटर्नला उभं करून तोंडओळख करून देते. नियमपुस्तिकेत लिहिल्याने जे होत नाही ते एवढ्याने बरंच होतं. प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी ‘ताई’च्या जागी ‘मॅडम’ म्हणायला लागतात.

तिसरा बदल महाग पडला. दोन मॅटवर एकाच वेळी सामने असतील तर दोन अनुभवी फिजिओ, नाहीतर आम्ही येत नाही. पुढच्याच महिन्यात एका आयोजकांनी “मग राहू द्या” म्हटलं. तीन दिवसांचं पोस्टिंग गेलं, वरिष्ठांनी विचारलं की मुलांचे तास कसे भरणार. मी लायब्ररीचे तास दाखवले. तो उपाय मला अजूनही लंगडाच वाटतो.

आणि मग माझं बोलणं. १९९२ साली अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ नावाची पद्धत मांडली. आधी विद्यार्थ्याला स्वतःचं मत मांडायला लाव, मग ते कशावरून हे विचार, मग एक सर्वसाधारण सूत्र सांग, मग बरोबर काय केलं ते नेमकं सांग, आणि मग चूक दुरुस्त कर. कागदावर बाळबोध वाटते. करताना सगळ्यात अवघड पहिली पायरी, कारण तिथे शिकवणाऱ्याला गप्प बसावं लागतं.

त्या स्पर्धेनंतर त्याच आठवड्यात क्लिनिकला खांदादुखीची एक व्हॉलीबॉलपटू आली. इंटर्नने तपासलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

“तुझं मत?”

“मॅडम, तुम्ही एकदा बघता का?”

“बघणारच आहे. आधी तुझं मत.”

“रोटेटर कफ वाटतंय.” म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूंचं दुखणं.

“कशावरून?”

“हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात दुखतंय, वर गेला की थांबतंय.”

“आणखी काय असू शकेल?”

इथे ती थांबली. खांद्याचं पातं पाठीवर नीट फिरत नव्हतं, ते मला दारातूनच दिसलं होतं आणि जिभेवर आलं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. वीस सेकंद. वर्गात वीस सेकंद गप्प बसून पाहा, म्हणजे कळेल. मग ती पेशंटच्या मागे गेली, टी-शर्टची बाही सरकवली, “पुन्हा एकदा हात वर करा” म्हणाली आणि पात्याकडे बघत राहिली. मी काहीच सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी

तिच्या पोस्टिंगचा शेवटचा आठवडा. दुसरं गाव, दुसरी स्पर्धा, या वेळी एकच मॅट. उपांत्य सामना, सहा मिनिटं बाकी. मध्यरक्षक पकडीत उताणा पडला आणि दोन-तीन सेकंद हललाच नाही. ती आत गेली आणि लगेच नॅपकिन वर.

मी टेबलावरून उठून पोहोचेपर्यंत मुलगा उठून बसला होता आणि मोठमोठे श्वास घेत होता. पाठीवर आपटून श्वास अडकला होता, असं दिसत होतं. सत्र, गुणसंख्या, मागचा प्रतिस्पर्धी, सगळं बरोबर सांगितलं. मला विचाराल तर मी त्याला मिनिटभराने खेळू दिला असता.

प्रशिक्षक संतापले. “ठणठणीत हाय पोरगं! मॅडम, तुम्हीच सांगा.” सगळा संघ माझ्याकडे बघत होता. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती खेळाडूच्या शेजारी गुडघ्यावर बसून होती, एक हात त्याच्या खांद्यावर.

मी तिला विचारलं, “काय दिसलं?”

“पडल्यावर डोळे उघडे होते, पण हाकेला ओ नव्हती. दोन हाका मारल्या. तिसरीला बघितलं.”

ते मला टेबलावरून दिसलं नव्हतं. दिसणं शक्यही नव्हतं.

“बाहेर,” मी म्हणाले. बदली खेळाडू उतरला. संघ दोन गुणांनी हरला. प्रशिक्षकांनी जाताना हात मिळवला नाही. रात्री मुलाची पुन्हा तपासणी केली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं. काही निघालं नाही. कदाचित खरंच फक्त श्वास अडकला होता. दोन हाकांना ओ न देणारा खेळाडू पुन्हा मॅटवर सोडण्यापेक्षा हरलेला उपांत्य सामना मला परवडतो, पण हे त्या संघाच्या तोंडावर म्हणणं सोपं नव्हतं, हेही नोंदवायला हवं.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही त्याला सोडला असता ना?”

“हो.”

“मग?”

“तू जवळ होतीस.”

पोस्टिंग संपताना मूल्यमापनाचा फॉर्म भरायचा असतो. ‘आणीबाणीतील निर्णय’ या रकान्यात मी दोन्ही प्रसंग तारखेसह लिहिले. पहिल्यापुढे कंसात लिहिलं : ‘पर्यवेक्षक अनुपस्थित.’ ऑफिसमधून फोन आला की हे असं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, राहू दे.

गेल्या महिन्यात नवी तुकडी आली. पहिल्याच स्पर्धेत एका मुलाने मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून बोलावलं. नॅपकिन नव्हता, हाक होती. मी उन्हातून तरातरा गेले. म्हणाला, “मॅडम, बर्फ संपलाय.”

“एवढ्या...” निम्मा शब्द तोंडातून सुटलाच. रिकामा खोका हातात धरून तो माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.

“चल,” मी म्हटलं, “रसवंती कुठंय ते दाखवते.”